केसरोपण : एकदाच सारे डोके की टप्प्याटप्प्याने?

बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात बसायला जागा नसते. ताप-खोकल्याचे पेशंट आटोपेपर्यंत दुपारचे दोन वाजतात. गेल्या पंधरवड्यात अशाच एका बाजारच्या दिवशी सगळे गेल्यावर बापलेक आत आले. वडील जुन्या ओळखीचे. सारा गाव त्यांना नाना म्हणतो, मीही म्हणतो. मुलगा चोवीस वर्षांचा, नाशिकला एका कारखान्यात नोकरीला. डोक्यावर कॅप. नानांनी खूण केली तेव्हा त्याने ती नाइलाजाने काढली. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे हटलेले, भोवऱ्याजवळ विरळ झालेले. पण अजून टक्कल म्हणावे असे नाही.

"डॉक्टरसाहेब, याचं लग्न जमलंय. वैशाखात आहे. त्याच्या आत डोक्याचं उरकून घ्यायचं म्हणतो," नाना म्हणाले.

मुलाने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मोठ्या शहरातल्या एका केसरोपण केंद्राचा तो अंदाजपत्रकाचा कागद होता. त्यावर पाच हजार ग्राफ्ट, एकच बैठक, सकाळी आठपासून रात्री काम संपेपर्यंत, असे लिहिले होते. खाली लाल अक्षरांत या महिन्यापुरती सवलत. नानांच्या साडूंचे मत मात्र वेगळे. ते म्हणतात, पाचशे-पाचशेच्या हप्त्याने करा, डोक्यालाही त्रास नाही आणि खिशालाही नाही. कांद्याचे पैसे नुकतेच हातात आलेले, त्यामुळे निकाल लगेच हवा होता. "तुम्ही सांगाल तसं," नाना म्हणाले. मी त्या दिवशी त्यांना जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने येथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. महिन्याला दोन-तीन तरुण तरी तो घेऊन येतात.

मी शल्यविशारद नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे. शिवाय पस्तिशीपासून टकला आहे. त्यामुळे या विषयावर बोलताना माझ्या डोक्याकडे बघून हसणारे हसोत.

केसरोपण म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला कांद्याच्या उदाहरणावरून पटकन कळते. आपण उळे टाकतो, रोप तयार झाले की ते उपटतो आणि दुसऱ्या वावरात लावतो. डोक्याचेही तसेच. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोक्याच्या मागच्या बाजूने जो केसांचा पट्टा असतो, तो पुरुषी टकलातही सहसा टिकून राहतो. टक्कल ज्या संप्रेरकाच्या प्रभावाने पडते, त्याला त्या पट्ट्यातली मुळे दाद देत नाहीत. आणि गंमत अशी, की तो केस मुळासकट काढून पुढे लावला तरी तो आपला मूळचा स्वभाव सोडत नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी १९५२ साली ही शस्त्रक्रिया केली आणि १९५९ साली तिच्यामागचे तत्त्व प्रसिद्ध केले. आजचा सारा धंदा त्या तत्त्वावर उभा आहे.

कांद्यात आणि केसात फरक एकच, आणि तोच महत्त्वाचा. कांद्याचे रोप कमी पडले तर शेजाऱ्याच्या वाफ्यातून आणता येते, नाहीतर पुढच्या हंगामात पुन्हा उळे टाकता येते. डोक्याच्या मागची रोपवाटिका एकदाच मिळते. तिथून जे उपटले, ते त्या जागी पुन्हा उगवत नाही. दुसऱ्या माणसाचे केसही चालत नाहीत, सख्ख्या भावाचेसुद्धा नाहीत. शरीर ते नाकारते. आयुष्यभरात या वाफ्यातून साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात, असा ढोबळ हिशेब धरला जातो. कुणाचे थोडे जास्त, कुणाचे कमी. एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात, निसर्गतःच ते अशा जुड्यांनी उगवतात.

आता त्या कागदावरचा आकडा पुन्हा बघा. पाच हजार. म्हणजे चोवीस वर्षांच्या मुलाची जन्माची पुंजी एका दिवसात.

हिशेब पुढे नेऊ. सगळा माथा उघडा पडला तर तो सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भरतो. निरोगी डोक्यावर चौरस सेंटिमीटरला ६५ ते ८५ जुड्या असतात. पण त्याच्या निम्म्याने लावल्या तरी बघणाऱ्याला डोके भरलेले वाटते. चौरस सेंटिमीटरला ३५ धरल्या तरी २०० चौरस सेंटिमीटरला सात हजार लागतात. तेवढ्या मागे नसतातच! म्हणून जाणता सर्जन सारे डोके भरण्याच्या नादी लागत नाही. तो आधी पुढचा भाग, म्हणजे चेहऱ्याला चौकट देणारा ५०-६० चौरस सेंटिमीटरचा पट्टा बघतो. त्याला दोन हजारांच्या आसपास ग्राफ्ट पुरतात. भोवऱ्याचा भाग तो बहुधा शेवटी ठेवतो, कारण तो खड्डा कितीही टाका, भरत नाही.

यावर मुलगा म्हणाला, "पण सर, माझा सगळा माथा कुठे गेलाय? थोडाच गेलाय." बरोबर आहे. पण अजून किती जाणार आहे, हे चोविसाव्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही, अंदाज करता येतो. वडिलांकडे, मामांकडे बघावे. नानांनी टोपी काढून दाखवली तेव्हा अंदाज करायला फारसे काही उरले नाही.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना आजही जड जाते. माझा धाकटा भाऊ २००८ साली चोवीस वर्षांचाच होता. त्यालाही लग्नाआधी केस हवे होते. त्या वेळी मी नवा-नवा कमावता झालो होतो आणि डॉक्टर म्हणून घरात माझा शब्द शेवटचा होता. "एकदाच करून टाक, कटकट मिटेल," असे मीच त्याला म्हणालो आणि निम्मे पैसेही मीच दिले. एका मोठ्या शहरातल्या केंद्रात मागच्या बाजूची कातडीची पट्टी काढून एका दिवसात ३२०० ग्राफ्ट पुढे लावले. रेघही आखली ती शाळकरी पोराच्या कपाळासारखी, खाली. वर्षभराने तो इतका देखणा दिसू लागला, की मीच चार जणांना त्या केंद्राचा पत्ता दिला.

पुढे काय झाले? टक्कल आपल्या गतीने मागे सरकत राहिले. लावलेले केस पुढे ठाम उभे आणि त्यांच्यामागचे मूळचे केस गेले. पस्तिशीला त्याच्या कपाळावर केसांचे एक बेट आणि मागे मोकळे रान, असा देखावा झाला. २०१९ साली दुसऱ्या एका सर्जनला दाखवले. त्यांनी मागची बाजू भिंगाखाली तपासून सांगितले, की फार तर आठशे-हजार निघतील, त्यांत मागचा माथा भरणार नाही. त्यांनी ते बेटामागे विरळ विरळ लावून देखावा जरा सौम्य केला, इतकेच. भाऊ आता चाळिशीपार आहे. कायम टोपी घालतो. मला त्याने कधी दोष दिला नाही. पण त्या दिवशी नानांच्या मुलाने कॅप काढली तेव्हा मला त्याची आठवण झाली.

म्हणजे मी साडूंच्या बाजूचा, पाचशे-पाचशेवाला आहे का? नाही. तेही मला पटत नाही.

लहान लहान हप्त्यांची पद्धत आली कुठून, हे कळले की तिचा मोह जातो. ऑरेन्ट्राइक यांच्या काळात चार मिलिमीटर व्यासाच्या गोल चकत्या काढून लावत. अशा जाड चकत्या शेजारी शेजारी लावल्या तर मधल्या कातडीला रक्त पुरत नसे. म्हणून मध्ये जागा सोडून लावायच्या, काही महिन्यांनी ती जागा भरायची, असे तीन-चार हप्ते करावेच लागत. ज्यांनी पहिल्या-दुसऱ्या हप्त्यानंतर कंटाळून किंवा पैशाअभावी सोडून दिले, त्यांचे डोके प्लास्टिकच्या बाहुलीसारखे दिसू लागले. पुढे १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओचे डॉ. बॉबी लिमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नैसर्गिक जुडी सुटी करून लावायला सुरुवात केली. जुडी बारीक, तिला लागणारे छिद्रही बारीक. त्यामुळे ती जवळजवळ लावता येऊ लागली. तेव्हापासून एका बैठकीत दोन-तीन हजार लावणे शक्य झाले. मग हप्ते कशासाठी?

शिवाय प्रत्येक हप्त्याची स्वतःची किंमत असते, आणि ती फक्त पैशांची नसते. दर वेळी भूल, दर वेळी सूज, आठ-दहा दिवस खपल्या, कामावरून रजा, एसटीचे किंवा गाडीचे हेलपाटे. दर वेळी आजूबाजूचे मूळचे केसही धक्क्याने गळतात. त्यांतले सशक्त परत येतात, मरायला टेकलेले परत येतीलच असे नाही. पट्टी काढण्याची पद्धत असेल तर दर वेळी मागे टाके. आणि पाचशे ग्राफ्टने दिसण्यात फरक असा पडत नाही. माणूस हिरमुसतो, निम्म्यावर सोडतो आणि धड इकडचा ना तिकडचा राहतो.

तेव्हा माझे मत असे आहे : पहिली बैठक पुरेशी मोठी असावी, की तिच्यावरच थांबावे लागले तरी डोके पूर्ण दिसावे, आणि इतकी मोठी नसावी, की मागे काही उरूच नये. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा दोन हजारांच्या आगेमागे येतो. मग निदान एक वर्ष हात लावायचा नाही. पुढची बैठक लागलीच तर ती टक्कल कुठवर गेले हे बघून, कधी दोन वर्षांनी, कधी दहा. नाही लागली तर उत्तमच.

याला अपवाद आहेत. आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी बावन्नाव्या वर्षी एकाच बैठकीत २८०० ग्राफ्ट लावून घेतले, दोन दिवसांत विभागून. त्यांचे टक्कल दहा वर्षे जिथल्या तिथे होते, मागचे केस दाट होते, साखर-रक्तदाब ठीक होता. त्यांना मी अजिबात अडवले नाही. परवा ते वाढदिवसाचे पेढे घेऊन आले तेव्हा मीच क्षणभर ओळखले नाही. अशा माणसाला एकदाच उरकणे सोयीचे असते. म्हणजे प्रश्न बैठका किती हा नसून टक्कल स्थिरावले आहे की नाही, हा आहे. पंचविशीच्या आतल्या मुलाचे ते स्थिरावलेले नसते.

आता त्या 'सकाळी आठपासून रात्रीपर्यंत'विषयी. बाहेर काढलेली जुडी थंड द्रावात ठेवतात, पण ती किती वेळ तग धरते याला मर्यादा आहे. डॉ. लिमर यांनीच ते मोजून पाहिले होते. दोन तासांत लावलेल्यांपैकी ९५ टक्के जगल्या, सहा तासांनी लावलेल्यांपैकी ८६ टक्के, चोवीस तासांनी ७९ टक्के. सकाळी उपटलेले रोप संध्याकाळी लावले तर काय होते, हे मी शेतकऱ्यांना सांगायला नको. पाच हजार जुड्या काढायच्या, मोजायच्या, लावायच्या, तर दिवस मावळतो. काम करणारी माणसे थकतात. डॉक्टर सकाळी रेघ आखून जातात आणि दिवसभर मदतनीसच हात चालवतात, असेही काही ठिकाणी घडते. आणि एका दिवसात मागून बेसुमार जुड्या काढल्या की ती बाजू कसर लागलेल्या शालीसारखी दिसते. केस बारीक कापले की लगेच कळते.

दुसरी गोष्ट भुलेची. डोके बधिर करायला लिग्नोकेन वापरतात. अॅड्रेनलिन मिसळलेले असेल तर किलोला ७ मिलिग्रॅम ही त्याची नेहमीची वरची मर्यादा. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असते. म्हणजे २१ मिलिलिटरला मर्यादा आली. बैठक लांबली की भूल उतरते, पुन्हा टोचावे लागते, आणि हा हिशेब ठेवणारा कुणी नसेल तर तो चुकतो. जास्त झाले की आधी ओठ-जीभ बधिर होतात, कानांत आवाज येतो, मग झटके, मग हृदयाची गडबड. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाचा केसरोपणानंतर मृत्यू झाला. बारा तासांहून अधिक चाललेल्या एकाच बैठकीत त्यांना ९५०० ग्राफ्ट लावल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते; औषधाची तीव्र अॅलर्जी हे कारण असल्याचा संशय होता. त्याआधी २०१६ साली चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा याच शस्त्रक्रियेनंतर जीव गेला. असे क्वचित घडते, हे खरे. बहुतेक माणसे दुसऱ्या दिवशी घरी चहा पीत असतात. पण केसांसाठी कुणी मरावे, हे मला अजून पचत नाही.

२०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या बाबतीत मार्गदर्शक सूचना काढल्या. रीतसर शस्त्रक्रियेचे किंवा त्वचारोगाचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच हे काम करावे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणे पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. यूट्यूबचा उल्लेख करण्याची वेळ आयोगावर यावी, यातच सगळे आले. तेव्हा कागदावर सही करण्याआधी विचारावे, की छिद्रे कोण पाडणार, त्यांची पदवी काय, भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजन जागेवर आहे का. आणि मुख्य म्हणजे, एवढे काढल्यावर माझ्या डोक्यामागे किती उरतील? ज्या ठिकाणी या शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळत नाही, तिथून मी माझ्या माणसाला उठवून आणीन. ग्राफ्टमागे दर लावणाऱ्याने ग्राफ्ट किती हे ठरवणे म्हणजे व्यापाऱ्यानेच काटा धरणे होय.

इस्तंबूलला जाऊन करून आलेले एक-दोन जणही मला भेटले. तिथे एका दिवसात भरपूर लावून देतात. परदेशी गिऱ्हाईक परत येणार नसते, म्हणून ती एका बैठकीची सोय. ती डोक्याची गरज नव्हे.

बायकांच्या केसगळतीचा विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. तूर्त एवढेच, की आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा.

नानांना मी सर्वांत शेवटी जे सांगितले, ते खरे तर आधीच सांगायला हवे होते. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळून पडतात. मुळे आत राहतात, नवा केस तीन-चार महिन्यांनी डोके वर काढतो आणि खरा परिणाम दिसायला वर्ष लागते. आत्ता माघात शस्त्रक्रिया केली तर वैशाखात, ऐन लग्नात, नवरदेवाचे डोके आज आहे त्याहून उघडे दिसेल!

दोघेही गप्प झाले. मग नाना मुलाकडे बघून म्हणाले, "अरे, लग्नात तर फेटाच बांधायचाय की तुला."

मुलाला हसू आले नाही. तो हळूच म्हणाला, "मुलगी बघायला गेलो तेव्हा कॅप होती, सर." म्हणजे गाठ ही होती तर. मी त्याला म्हटले, "तुला एकच शस्त्रक्रिया तातडीने सांगतो. आज रात्री तिला फोन कर आणि सांग."

त्याला मी डोक्याला लावायचे पाच टक्क्यांचे मिनॉक्सिडिल लिहून दिले. गोळीचीही माहिती दिली. फिनास्टेराइड १९९७ पासून टकलासाठी वापरात आहे, गुण येतो, पण काहींना लैंगिक इच्छेवर परिणाम जाणवतो. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, समजून-उमजून घ्यायची. हे उपचार सुरू आहेत तोवरच टिकवतात, सोडले की राखलेले केस जातात, हेही बजावले. त्याच्या माथ्याचा एक फोटो खिडकीजवळच्या उजेडात, वरून घेऊन केसपेपरला लावला. दर सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून नवा फोटो घ्यायचा. दोन-तीन वर्षे टक्कल जागचे हलले नाही, तर तेव्हा दोन हजारांची एक बैठक करायला मीच त्याच्याबरोबर जाईन.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो एकटाच लग्नाची पत्रिका द्यायला आला. या वेळी कॅप नव्हती.

"सांगितलंस का?" मी विचारले.

"तिला आधीच ठाऊक होतं, सर. तिच्या भावाने माझा फेसबुकवरचा जुना फोटो दाखवला होता तिला."

पुढचा फोटो श्रावणात घ्यायचा आहे.